मातीच्या पोटातील औषधे

वाचकहो, आपल्या घरातील औषधांचा डबा एकदा सावकाश उघडून पाहा. ज्या घरात सत्तरीपुढील माणूस आहे, तेथे हा डबा देव्हाऱ्याइतक्याच नेमाने उघडला जातो. त्यात मधुमेहाची अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी असेल. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावयाची. छातीत कफ साठला तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या ॲझिथ्रोमायसिनचे रिकामे पाकीट असेल. कोणाकडे मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर रोज घ्यावे लागणारे टॅक्रोलिमस असेल, तर कोणाकडे क्षयरोगाचे रिफाम्पिसिन. कोणी रुग्णालयात जाऊन कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिनचे लाल रंगाचे इंजेक्शन घेतले असेल. आजार निराळे, किमती निराळ्या, गोळ्यांचे रंगही निराळे. पण या सर्वांचे कूळ एकच. ही औषधे, किंवा ज्या मूळ द्रव्यांपासून ती पुढे घडविली गेली ती द्रव्ये, प्रथम जीवाणूंनी तयार केली. आणि ते जीवाणू मातीत राहतात.

मी ३१ वर्षे एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविले. निवृत्तीनंतर गेली ८ वर्षे माझ्या ८७ वर्षांच्या सासूबाईंची शुश्रूषा हे माझे मुख्य काम आहे. वर्गात जे शिकविले त्याचा खरा अर्थ रुग्णाच्या उशाशी बसल्यावर उमगतो, असा माझा अनुभव आहे. म्हणूनच मातीतील जीवाणूंविषयी, आणि त्यांची जनुके वाचून नवी औषधे शोधण्याच्या मार्गाविषयी आज आपल्याशी बोलावेसे वाटते. विषय दूरचा वाटेल. परंतु आपल्या घरातील ज्येष्ठ माणसाला पुढील खेपेस थंडी वाजून ताप भरला, तर त्याला कोणते औषध लागू पडेल, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

सासूबाईंचे माहेर माण तालुक्यातले. त्या ७ वर्षांच्या असताना, १९४५ साली, त्यांचे वडील क्षयाने गेले. तेव्हा आपल्याकडे क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, दूध, अंडी, विश्रांती आणि नशीब, एवढाच काय तो उपचार. दहा वर्षांनी त्यांच्या थोरल्या भावाला तोच आजार जडला. त्याला मात्र स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने मिळाली. महिनोन्‌महिने सुया टोचून घेऊन तो बरा झाला. या औषधाचा एक ज्ञात दुष्परिणाम कानांवर होतो. तो त्याच्याही वाट्याला आला आणि त्याचे ऐकणे कायमचे मंद झाले. परंतु तो जगला, त्याने शेती केली, बहिणींची लग्ने लावून दिली आणि ऐंशी पार करून गेला. एका घरातील दोन माणसे, एकच आजार. मध्ये अंतर दहा वर्षांचे आणि एका औषधाचे.

ते औषध कोठून आले? १९४३ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे, रटगर्सच्या कृषी संशोधन केंद्रात, सेल्मन वॅक्समन यांचा अल्बर्ट शाट्झ हा तरुण विद्यार्थी मातीतील जीवाणू एकामागून एक तपासत होता. भरपूर खत घातलेल्या शेतातील माती आणि एका निरोगी कोंबडीच्या घशातून घेतलेला नमुना, या दोहोंतून त्याला ‘स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसिअस’ हा जीवाणू मिळाला. त्याने स्रवलेले द्रव्य क्षयाच्या जंतूंना मारक ठरले. वॅक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या स्ट्रेप्टोमायसिस कुळाची ओळख आपल्या नाकाला केव्हाच झालेली आहे. वळवाच्या पहिल्या सरीनंतर जो मृद्गंध येतो, त्यामागे जिओस्मिन नावाचे द्रव्य असते आणि हे जीवाणू ते मोठ्या प्रमाणात तयार करतात. त्या गंधाने जमिनीतील बारीक, टुणकन उडणारे कीटकसदृश जीव ओढले जातात आणि जीवाणूंचे बीजाणू अंगावर वाहून दूर नेतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. हे जीवाणू बुरशीसारखे धाग्याधाग्याने वाढतात. त्यांना जागा सोडून पळता येत नाही. जमिनीत अन्न थोडे आणि वाटेकरी अगणित. अशा ठिकाणी टिकून राहण्यासाठी त्यांनी कोट्यवधी वर्षांत रसायनांचीच विद्या साधली. शेजाऱ्याला रोखणारे एक द्रव्य, बुरशीला आवरणारे दुसरे, लोह मिळविणारे तिसरे. आपण ज्यांना प्रतिजैविके किंवा अँटिबायोटिक म्हणतो, त्यांपैकी बहुतेक या विद्येची उसनवारी आहे.

स्ट्रेप्टोमायसिननंतर जगभर मातीचे नमुने गोळा करण्याची जणू लाटच आली. फिलिपिन्समधील मातीतून एरिथ्रोमायसिन मिळाले, बोर्निओतील मातीतून व्हॅन्कोमायसिन, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पाइनच्या वनातील मातीतून रिफामायसिन. आपल्याकडेही १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. तेथील शास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या एका जीवाणूला पिंपरीच्या नावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव देण्यात आले. त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळाले. शास्त्रीय नामावलीत पिंपरीचे नाव असे एका जीवाणूमुळे नोंदले गेले आहे.

मग ओहोटी लागली. मातीचे हजारो नमुने तपासावेत आणि हाती पुन्हा तेच स्ट्रेप्टोमायसिन, तेच टेट्रासायक्लिन लागावे, असे वारंवार घडू लागले. खर्च वाढला, नवे काही मिळेना. मोठ्या औषध कंपन्यांनी एकेक करून हा शोध थांबविला. मातीतील खाण संपली, असेच पुष्कळांनी गृहीत धरले.

इकडे जंतू मात्र थांबले नव्हते. औषधाला दाद न देण्याची युक्ती जंतूंना फार लवकर साधते. ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या ज्या सुप्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले, तिच्यातच काही महिन्यांत अनेक रुग्णांमधील क्षयजंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले होते. म्हणूनच क्षयाला आजही एकाच वेळी अनेक औषधे द्यावी लागतात. असे दाद न देणारे जंतू आज म्हाताऱ्या माणसांच्या साध्या दुखण्यातही भेटतात.

मागील पावसाळ्यात सासूबाईंना लघवीच्या जागी जळजळ सुरू झाली, थंडी वाजून ताप आला आणि एका संध्याकाळी त्या मला माझ्या नावाऐवजी नणंदेच्या नावाने हाक मारू लागल्या. वृद्धांमध्ये तापाबरोबर असा गोंधळ उडतो, हे शुश्रूषा करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. डॉक्टरांनी औषध सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर करण्यास सांगितले. दोन दिवसांनी अहवाल आला. जंतू ई. कोलाय. त्याखाली औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. विद्यार्थ्यांकडून असे अहवाल मी शेकड्यांनी वाचून घेतले होते. घरातील माणसाच्या नावाचा अहवाल हातात धरून ‘आर’, ‘आर’, ‘आर’ असे वाचत खाली येणे ही गोष्ट वेगळी. तोंडाने घेता येईल असे एकही औषध उरले नव्हते. उरलेल्यांपैकी कार्बापेनेम गटातील एक इंजेक्शन डॉक्टरांनी निवडले. रोज एक, असे ७ दिवस. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि चहात साखर कमी असल्याची तक्रार केली.

ज्या गटाने त्यांना उठवून बसविले, त्याचा मूळपुरुष थिएनामायसिन. तो १९७०च्या दशकात ‘स्ट्रेप्टोमायसिस कॅटलिया’ या मातीतल्याच जीवाणूत सापडला होता. म्हणजे मातीने त्यांच्या भावाला वाचविले आणि सत्तर वर्षांनी त्यांनाही. परंतु त्या यादीत खाली आता फारसे काही शिल्लक नाही, हे मी पाहिले होते. कार्बापेनेमलाही दाद न देणारे जंतू आज आपल्या रुग्णालयांतून आहेत. तेव्हा मातीतील खाण खरोखरच संपली आहे काय, हा प्रश्न माझ्यापुरता केवळ अभ्यासाचा राहिला नाही.

याचे उत्तर अनपेक्षित वाटेने आले. ‘स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर’ या जीवाणूचा अभ्यास इंग्लंडमधील डेव्हिड हॉपवूड यांनी अनेक दशके केला होता. त्याचा संपूर्ण जनुकसंच, म्हणजे त्याच्या डीएनएमधील ८६ लाखांहून अधिक अक्षरांचा मजकूर, २००२ साली वाचून पूर्ण झाला. त्यात सुमारे ७,८०० जनुके निघाली, ई. कोलायच्या जवळजवळ दुप्पट. खरे आश्चर्य पुढेच होते. या जीवाणूची तोवर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच द्रव्ये माहीत होती. जनुकसंचात मात्र अशी द्रव्ये तयार करणारे २०हून अधिक जनुकसमूह आढळले. ज्यापासून आयव्हरमेक्टिन आले, त्या ‘स्ट्रेप्टोमायसिस ॲव्हरमिटिलिस’चा जनुकसंच वाचला, तेव्हा तेथेही असे ३० समूह दिसले. ज्यांना आपण पूर्ण ओळखतो असे वाटत होते, त्या जीवाणूंनी आपली बहुतेक विद्या उघड केलीच नव्हती.

हे कसे, ते आपल्या जुन्या घरांवरून सहज समजेल. रोजच्या स्वयंपाकाला चार भांडी पुरतात. लग्नकार्याची पातेली, घंगाळे, मोदकपात्र, शेवेचा सोऱ्या हे सारे माळ्यावर असते. महिनाभर राहून गेलेल्या पाहुण्यालाही त्याचा पत्ता लागत नाही, कारण त्या महिन्यात ते काढण्याचा प्रसंगच आलेला नसतो. प्रयोगशाळेतील बशीत जीवाणूला आयते अन्न मिळते, शेजारी शत्रू नसतो. मग त्याने मोठी भांडी कशाला काढावीत? जनुकसंच वाचणे म्हणजे शिडी लावून माळ्यावर चढणे आणि तेथील सामानाची यादी करणे. मोदकपात्र दिसले की या घरी मोदक होतात, हे न खाताही कळते. त्याप्रमाणे जनुकसमूहाच्या रचनेवरून तो कोणत्या प्रकारचे द्रव्य करीत असेल, याचा अंदाज बांधता येतो. हे काम करणारी ‘अँटिस्मॅश’ नावाची संगणकप्रणाली २०११ पासून जगभरातील अभ्यासकांना मोफत उपलब्ध आहे. तिच्या साहाय्याने जीवाणूंच्या जनुकसंचांतून असे असंख्य समूह नोंदले गेले आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे द्रव्य अजून कोणी पाहिलेले नाही.

यादी हाती आली, तरी भांडी खाली काढण्याचे काम उरतेच. त्यासाठी संशोधक नाना उपाय करतात. जीवाणूचे अन्न बदलतात, त्याच्या शेजारी दुसरा जीवाणू आणून बसवितात, झोपलेल्या जनुकांवरील कुलूप काढतात. तेही साधले नाही, तर तो संपूर्ण जनुकसमूह उचलून दुसऱ्या, वाढण्यास सोप्या जीवाणूत नेऊन बसवितात.

येथे आणखी एक अडचण होती. मातीतील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. शंभरांतील जेमतेम एखादा वाढतो, असे ढोबळमानाने म्हटले जाते. म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनपासून पुढचा सारा इतिहास त्या एखाद्याच्या जोरावर घडला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील शॉन ब्रॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सरळ मार्ग काढला. जीवाणू वाढविण्याचा हट्टच सोडायचा आणि मातीतून थेट डीएनए काढून वाचायचा. त्यांनी सामान्य नागरिकांना आपापल्या परिसरातील माती पाठविण्याचे आवाहन केले. अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतून जमलेल्या सुमारे २,००० नमुन्यांतील डीएनए वाचताना त्यांना प्रतिजैविकांचे एक अज्ञात घराणे सापडले. त्याचे जनुकसमूह दुसऱ्या जीवाणूत घालून त्यांनी द्रव्य मिळविले. त्याचे नाव मॅलॅसिडिन. शोध प्रसिद्ध झाला २०१८ साली. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंनी चिघळलेल्या उंदरांच्या जखमांमधून या द्रव्याने ते जंतू नाहीसे केले. ज्या जीवाणूने हे द्रव्य मुळात तयार केले, तो कोणी कधी बशीत वाढविलाच नव्हता.

पुढचे पाऊल याहून धाडसाचे होते. काही द्रव्ये जीवाणूच्या पेशीत माळेसारखी ओवली जातात. फुले ओवायला बायका ओळीने बसल्या आहेत आणि प्रत्येकीकडे एकाच जातीचे फूल आहे, असे समजा. कोण कोठे बसली आहे हे कळले, तर माळ न पाहताही तिच्यातील फुलांचा क्रम सांगता येईल. जनुकसमूहात हा बसण्याचा क्रम लिहिलेला असतो. तो वाचून ब्रॅडी यांच्या गटाने संगणकाच्या साहाय्याने एका द्रव्याची रचना ताडली, आणि ते जीवाणूकडून न करविता रसायनशाळेतच घडविले. २०२२ साली जाहीर झालेल्या या द्रव्याचे नाव सिलॅजिसिन. ते जंतूच्या कवचबांधणीला लागणाऱ्या दोन निरनिराळ्या रेणूंना एकाच वेळी पकडते. त्यामुळे जंतूला सुटकेची वाट शोधणे कठीण जाते. मूळ रूपात ते रक्तातील प्रथिनांना चिकटून बसत असे, म्हणून त्याच्या रचनेत थोडा बदल करावा लागला. त्यानंतर उंदरांमध्ये त्याचा गुण दिसून आला.

आणि हे सारे अज्ञात वनांतूनच येते असेही नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या गेरी राइट यांच्या गटाने २०२५ साली लॅरिओसिडिन नावाचे नवे द्रव्य जाहीर केले. त्याचा जीवाणू हॅमिल्टन शहरातील एका घराच्या परसबागेतील मातीत मिळाला. सावकाश वाढणाऱ्यांनाही संधी मिळावी, म्हणून ती माती प्रयोगशाळेत सुमारे वर्षभर तशीच जोपासली होती. द्रव्याचा गुण प्रथम दिसला आणि त्याची घडण जनुकसंच वाचून उलगडली. मॅलॅसिडिन व सिलॅजिसिन यांचा उपयोग एकेरी कवचाच्या जंतूंवरच होतो. सासूबाईंच्या अहवालातील ई. कोलाय त्यांत बसत नाही. लॅरिओसिडिनने मात्र दुहेरी कवचाच्या, रुग्णालयांत फार त्रासदायक ठरणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर या जंतूंची बाधा झालेल्या उंदरांनाही वाचविले.

वाचकहो, येथे थोडे थांबू या. ‘उंदरांमध्ये’ हा शब्द मी मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहिला आहे. यांपैकी कोणतेही औषध आज आपल्या औषधांच्या दुकानात मिळत नाही. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब, खर्चिक आणि अपयशांनी भरलेली असते. किती लांब, याचा एक दाखला देते. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर १९६४ साली कॅनडाच्या एका मोहिमेने मातीचे नमुने घेतले. त्यातील जीवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने १९७०च्या दशकात रॅपामायसिन वेगळे केले. बेटाच्या ‘रापा नुई’ या स्थानिक नावावरून ते नाव पडले. पुढे कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा सेहगल यांनी तो जीवाणू घरी नेला आणि स्वतःच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवला. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात वापरण्यासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९९ साली. मातीपासून रुग्णापर्यंत ३५ वर्षे! आता जनुके वाचण्याचा वेग पुष्कळ वाढला आहे. पण माणसांवरील चाचण्यांना लागणारा काळ संगणकाने फारसा कमी होत नाही.

तसेच, ‘मातीत औषध आहे’ याचा अर्थ माती हे औषध आहे, असा कृपया कोणी घेऊ नये. त्याच मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात. घरातील ज्येष्ठांना, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांना, बागेत अनवाणी फिरू देऊ नका. पायाला लहानशी जखम असली तरी ती झाकून ठेवा आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारा.

मग या शोधांचा आपल्याला आज उपयोग कोणता? मला वाटते, तो असा. खाण संपलेली नाही. ती बहुतांशी वाचायची राहिली आहे. परंतु ती वाचून औषध हाती येईपर्यंत जो काळ जाणार आहे, तो आपल्याला जुन्या औषधांवरच काढावयाचा आहे. हा काळ ज्येष्ठांसाठी अधिक जोखमीचा आहे. २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९९० ते २०२१ या काळात ५ वर्षांखालील बालकांमधील असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. ७० वर्षांवरील व्यक्तींमध्ये मात्र ते ८० टक्क्यांहून अधिक वाढले.

तेव्हा आपल्या हाती जे आहे, ते करू या. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यावयाची नाही, एवढी खूण घरातील प्रत्येकाला माहीत असावी. साधी सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात; त्यांवर प्रतिजैविकांचा काही उपयोग नसतो. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितकेच दिवस औषध द्यावे. बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने थांबवू नये आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी किंवा शेजाऱ्यासाठी राखू नयेत. लघवीचा किंवा रक्ताचा नमुना शक्य असेल तेव्हा औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावा, म्हणजे अहवाल खरा येतो. ज्येष्ठांच्या लघवीत पुष्कळदा कोणताही त्रास नसताना जंतू आढळतात. ताप नाही, जळजळ नाही, वागण्यात बदल नाही, केवळ अहवालात जंतू दिसले किंवा लघवीला वास आला, एवढ्यावर बहुधा औषधाची गरज नसते. याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. लघवीची नळी घातलेली असेल, तर ती अजून आवश्यक आहे का, हेही प्रत्येक भेटीत विचारावे. आणि सर्वांत स्वस्त उपाय हाताशीच आहे: रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत. सहज वापरण्याची, जपून वापरण्याची आणि राखीव. या तिसऱ्या गटाविषयी मी एकदा सासूबाईंना समजावून सांगत होते. मातीतील जीवाणूंची, माळ्यावरच्या भांड्यांची गोष्टही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग ही नवी औषधं माझ्या वेळेला येतील का गं?”

“बहुधा नाही, आई,” मी म्हणाले.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात दादाच्या घरी पोरं अर्धपोटी निजायची. पण बियाण्याच्या जोंधळ्याची कणगी त्यानं उघडली नाही. लोक म्हणायचे, बहिरा आहे, ह्याला पोरांचं रडणं ऐकू येत नाही. ऐकू येत होतं त्याला. पुढच्या साली पाऊस झाला तेव्हा पेरायला आमच्याकडं दाणे होते.”

राखीव औषधांविषयी याहून अधिक चांगले मला सांगता येणार नाही. आज आमच्या डब्यात सासूबाईंचा तो अहवाल घडी घालून ठेवला आहे. नव्या डॉक्टरांकडे जाताना मी तो बरोबर नेते, म्हणजे ज्या औषधांपुढे ‘आर’ आहे ती पुन्हा वाया जाणार नाहीत आणि ज्यांच्यापुढे ‘एस’ आहे ती गरज पडेल तेव्हाच निघतील. आपणही आपल्या माणसाचे असे अहवाल जपून ठेवावेत, तारीख घालून, औषधांच्या डब्यातच.